१ नोव्हेंबर संतांचा, २ नोव्हेंबर मृतांचा : कॅथलिक ख्रिस्ती मृतांसाठी प्रार्थना का करतात?

बिद्री : म्हाळ उरकले, दसरा सरला की कागल तालुक्यात सगळ्यांचे लक्ष ऊसतोडीकडे आणि बिद्रीच्या साखर कारखान्याच्या हंगामाकडे लागते. याच सुमारास, नोव्हेंबरच्या सुरुवातीला, जगभरचे कॅथलिक ख्रिस्ती आपल्या मृतांची आठवण करतात. वसई, मुंबई, गोवा या भागांत कबरी स्वच्छ केल्या जातात, त्यांवर फुले वाहून मेणबत्त्या लावल्या जातात. ‘हा ख्रिस्ती लोकांचा पितृपक्ष’ असे सहज म्हटले जाते. साम्य आहे, पण त्यामागचा विचार वेगळा आहे. तो समजून घेऊया.

दोन दिवसांत फरक काय?

१ नोव्हेंबर हा सर्व संतांचा सण. जे देवाजवळ पोहोचले आहेत, अशी श्रद्धा आहे, त्या सर्वांचा हा आनंदाचा दिवस. त्यात चर्चने जाहीर केलेले संत येतात, तसेच ज्यांची नावेही कोणाला ठाऊक नाहीत अशी साधी माणसेही येतात. जाहीर संतांपैकी एक आपल्याकडचे आहेत. वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया १५९७ मध्ये जपानमधील नागासाकी येथे हुतात्मा झाले. १८६२ मध्ये त्यांना संत घोषित करण्यात आले.

२ नोव्हेंबर हा सर्व मृत भाविकांचा स्मरणदिन. यात आई-वडील, आजी-आजोबा, शेजारीपाजारी सगळे येतात. फरक एका वाक्यात सांगायचा तर संतांना ‘आमच्यासाठी देवाकडे प्रार्थना करा’ अशी विनवणी केली जाते, तर मृतांसाठी आपण देवाकडे प्रार्थना करायची असते.

मृतांना प्रार्थनेची गरज का?

कॅथलिक शिकवणीनुसार काही माणसे देवाच्या कृपेत मरण पावतात, पण त्यांचे मन पुरते शुद्ध झालेले नसते. स्वर्गात जाण्यापूर्वी त्यांची शुद्धी होते. या अवस्थेला ‘शुद्धिस्थान’ म्हणतात. तिथल्या आत्म्यांना जिवंत माणसांच्या प्रार्थनेची मदत होते, अशी श्रद्धा आहे. मरणाने नाते तुटत नाही, हा त्यामागचा गाभा.

याला आधार म्हणून मक्काबींच्या दुसऱ्या ग्रंथातील प्रसंग सांगितला जातो. लढाईत पडलेल्या सैनिकांच्या अंगरख्याखाली मूर्तिपूजेचे ताईत सापडतात. तेव्हा सेनापती यहूदा त्यांच्या पापक्षमेसाठी वर्गणी गोळा करून यरुशलेमला पाठवतो. चौथ्या शतकात संत ऑगस्टीन यांची आई मोनिका हिनेही मरताना, देह कुठेही पुरा, पण देवाच्या वेदीपाशी माझी आठवण ठेवा, एवढेच मागितले होते.

ही तारीख कुठून आली?

फ्रान्समधील क्लुनी मठाचे प्रमुख ओदिलो यांनी दहाव्या शतकाच्या अखेरीस आपल्या मठांत संतांच्या सणाचा दुसरा दिवस मृतांसाठी राखून ठेवला. तिथून ही चाल युरोपभर पसरली. पहिल्या महायुद्धात माणसे मोठ्या संख्येने मरत असताना, १९१५ मध्ये पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी या दिवशी प्रत्येक धर्मगुरूला तीन मिस्सा अर्पण करण्याची परवानगी दिली. ती आजही आहे.

१ ते ८ नोव्हेंबर या काळात दफनभूमीला भेट देऊन मृतांसाठी प्रार्थना केली आणि पापनिवेदन, ख्रिस्तप्रसाद वगैरे अटी पाळल्या, तर मृतांसाठी दंडमाफी मिळते, असे चर्च मानते. करोनाच्या साथीत गर्दी टाळण्यासाठी व्हॅटिकनने २०२० मध्ये ही सवलत संपूर्ण नोव्हेंबरभर वाढवली होती.

सगळे ख्रिस्ती हे मानतात का?

नाही. कोल्हापूरच्या वाचकांनी हे विशेष लक्षात घ्यावे. १८५२ मध्ये रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी कोल्हापुरात आले, तेव्हापासून इथे प्रोटेस्टंट परंपरा रुजली. बहुतेक प्रोटेस्टंट शुद्धिस्थान मानत नाहीत आणि मक्काबींचा ग्रंथ त्यांच्या बायबलमध्ये नाही. तेही आपल्या माणसांच्या कबरीवर फुले वाहतात, पण प्रार्थना असते ती देवाचे आभार मानण्याची आणि मागे राहिलेल्यांच्या सांत्वनाची.

हा वाद जुना आहे. मार्टिन ल्यूथर यांनी दंडमाफीच्या विक्रीवर टीका करणारी ९५ कलमे जाहीर केली ती ३१ ऑक्टोबर १५१७ रोजी, म्हणजे सर्व संतांच्या सणाच्या आदल्याच दिवशी. पुढे १५६३ मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेने मृतांसाठीची प्रार्थना कायम ठेवली, मात्र तिच्या नावाखाली पैसे कमावण्यास मनाई केली.

मग पितृपक्षाशी साम्य किती?

म्हाळाला पितरांच्या नावाने पान वाढले जाते, कावळ्याला घास ठेवला जातो. कॅथलिक परंपरेत मृतांना अन्न अर्पण करत नाहीत, त्यांची पूजाही करत नाहीत. तिथे मागणे देवाकडे असते. पण त्यांच्या नावाने इतरांना जेवू घालणे तिथेही आहे. गोव्यातील कॅथलिक घरांत लग्नाआधी पूर्वजांच्या स्मरणार्थ गोरगरिबांना जेवण देण्याची जुनी चाल आहे.

त्यामुळे एखाद्या कॅथलिक मित्राबरोबर २ नोव्हेंबरला दफनभूमीत जाण्याचा प्रसंग आला, तर शुभेच्छा देऊ नयेत. एखादे फूल वाहावे आणि गेलेल्या माणसाचे नाव घेऊन दोन शब्द बोलावेत. १ नोव्हेंबरला मात्र सणाच्या शुभेच्छा जरूर द्याव्यात.