खिशात युरो, गल्ल्यात कोरुना!

प्रतिनिधी, छत्रपती संभाजीनगर

शेंद्रा औद्योगिक वसाहतीत स्कोडा कंपनीने २००१ मध्ये मोटारनिर्मिती सुरू केली आणि येथील अभियंत्यांना चेक प्रजासत्ताकाची वाट परिचयाची झाली. कंपनीचे मुख्यालय तेथील म्लादा बोलेस्लाव शहरात आहे. चेक प्रजासत्ताक २००४ पासून युरोपीय संघाचा सदस्य असल्याने तेथे युरो चालत असणार, असा समज सहज होतो. प्रत्यक्षात तेथील चलन आजही कोरुना आहे. काही मोठी दुकाने युरो स्वीकारतात. मात्र दर स्वतःच्या सोयीचा लावून सुटे पैसे कोरुनात परत करतात. प्रथमच परदेशी निघालेल्याचा खिसा हलका होण्यास येथूनच सुरुवात होते.

निघण्यापूर्वी

रिझर्व्ह बँकेच्या २०२० मधील आदेशानुसार नवे डेबिट वा क्रेडिट कार्ड केवळ देशांतर्गत व्यवहारांसाठी सुरू करून दिले जाते. परदेशातील वापराची सोय ग्राहकाने स्वतः बँकेकडून वा मोबाइलवरून सुरू करून घ्यावी लागते. हे विसरल्यास खात्यात पैसे असूनही कार्ड नाकारले जाते.

परकीय चलनाच्या नोटा बहुतेक देशांसाठी एका प्रवासात तीन हजार डॉलर मूल्यापर्यंतच नेता येतात. उर्वरित रक्कम कार्डावर ठेवावी लागते. चलन खरेदीसाठी रोख रुपये ५० हजारांपेक्षा कमी रकमेपर्यंतच देता येतात. त्यापुढे धनादेश किंवा बँक खात्यातून रक्कम द्यावी लागते. विमानतळावरील दर सहसा महाग असल्याने ही खरेदी शहरातच उरकलेली बरी.

कार्ड कोणते?

आगाऊ परकीय चलन भरलेल्या प्रवासी कार्डावर विनिमय दर भरणा करतानाच निश्चित होतो. मात्र त्यात कोरुना भरण्याची सोय सहसा नसते. युरो भरलेल्या कार्डाने कोरुनाचे बिल चुकते केल्यास चलनबदलाचे शुल्क पडते. नेहमीच्या डेबिट, क्रेडिट कार्डावर अनेक बँका दोन ते साडेतीन टक्के शुल्क आणि त्यावर जीएसटी आकारतात. दोन्ही शुल्कांची तुलना आधीच करावी. एक कार्ड हरवले वा यंत्रात अडकले तरी अडचण होऊ नये म्हणून दुसरे कार्ड वेगळ्या ठिकाणी ठेवावे.

रुपयांचा मोह

सर्वांत महाग चूक बिल देताना घडते. ‘रुपयांत रक्कम देणार की स्थानिक चलनात?’ असे दुकानातील यंत्र किंवा एटीएम विचारते. रुपयांचा आकडा ओळखीचा वाटतो. पण तो पर्याय निवडताच विनिमय दर आपल्या कार्डाच्या व्यवस्थेऐवजी समोरच्या यंत्रामागील कंपनी ठरवते. समजा, हॉटेलचे बिल पाच हजार कोरुना आणि एका कोरुनाचा दर चार रुपये आहे. रक्कम वीस हजार रुपये होते. यंत्राने दरात पाच टक्के वाढ केली तर एक हजार रुपये जादा जातात. शिवाय काही बँका अशा व्यवहारावरही आपले शुल्क लावतात. म्हणून स्थानिक चलनाचाच पर्याय निवडावा.

एटीएममधून वारंवार थोडी रक्कम काढल्यास प्रत्येक वेळी शुल्क बसते. गरजेचा अंदाज घेऊन एकदाच रक्कम काढावी. रस्त्यावर नोटा बदलून देणाऱ्यांपासून दूर राहावे. चेक कायद्यानुसार २०१९ पासून अधिकृत केंद्रातील एक हजार युरोपर्यंतचा विनिमय तीन तासांत रद्द करता येतो. त्यासाठी पावती जपावी.

परतल्यानंतर

उरलेले परकीय चलन परतल्यापासून १८० दिवसांत विकणे बंधनकारक आहे. दोन हजार डॉलर मूल्यापर्यंतचे चलन पुढील प्रवासासाठी जवळ ठेवता येते. येथे कोरुनाला सहजासहजी गिऱ्हाईक मिळत नाही. त्यामुळे अखेरच्या दोन दिवसांत हातातील कोरुना आधी खर्च करावेत आणि कमी पडल्यास कार्ड वापरावे.