एका वेळी एकच भ्रूण

चिंचवड ते चाकण पट्ट्यात कारखान्याच्या पगारावर घर चालवणाऱ्या जोडप्यासाठी आयव्हीएफ म्हणजे साठवलेली पुंजी आणि वर कर्ज. आरोग्य विम्याच्या बहुतेक पॉलिसी वंध्यत्वाचे उपचार वगळतात. म्हणून ‘एकाच खर्चात जुळी झाली तर बरंच’ असं घरची मोठी माणसं म्हणतात. ते मायेपोटीच असतं. पण गर्भाशयात एका वेळी दोन किंवा तीन भ्रूणं सोडणं हा हिशेब आई आणि बाळ दोघांनाही महाग पडतो, आणि तरुण स्त्रीच्या बाबतीत तर त्याची गरजच उरलेली नाही.

निम्म्याहून अधिक जुळी ३७ आठवडे भरण्याआधीच जन्मतात. एकट्या बाळांत हे प्रमाण साधारण दहात एक. तिळ्यांचं तर विचारायलाच नको. तिसाव्या आठवड्यात आलेल्या बाळाची फुप्फुसं पुरती तयार नसतात. चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं यांचा मेळ साधारण चौतिसाव्या आठवड्यापर्यंत बसत नाही, म्हणून नाकातोंडातून घातलेल्या बारीक नळीने आईचं दूध एक-दोन मिलीलिटर करत पोटात सोडावं लागतं. आईला रक्तदाब, मधुमेह आणि बाळंतपणातल्या रक्तस्रावाचा धोका वाढतो. काचेच्या दोन पेट्यांत दोन बाळं आठवडेच्या आठवडे राहिली, की वाचलेल्या पैशांचं काय होतं ते सांगायला नको. पिंपरीच्या यशवंतराव चव्हाण रुग्णालयासारख्या पालिकेच्या दवाखान्यात खर्चाचा भार हलका होईल, अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या डोळ्यांना आणि मेंदूला असलेला धोका मात्र तसाच राहतो.

‘पण एकच सोडलं आणि रुजलं नाही तर?’ ही शंका रास्त आहे. तिचं उत्तर २००४ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलं. ३६ वर्षांखालच्या ६६१ स्त्रियांचे दोन गट केले होते. एका गटात दोन भ्रूणं एकदम सोडली. दुसऱ्यात एक सोडलं आणि गर्भ राहिला नाही, तर गोठवलेलं एक नंतर सोडलं. पहिल्या गटात ४२.९ टक्के स्त्रियांना मूल झालं, दुसऱ्यात ३८.८ टक्के. फरक चार टक्क्यांचा. बहुगर्भ प्रसूती मात्र पहिल्या गटात ३३.१ टक्के, दुसऱ्यात ०.८ टक्के. शिवाय तेव्हा भ्रूणं सावकाश गोठवत. आता ती क्षणार्धात गोठवून उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये ठेवतात आणि त्यातली बहुतेक सुखरूप बाहेर येतात. पाच दिवस वाढवलेल्या भ्रूणांतलं चांगलं निवडताही येतं. स्वीडनने २००३ मध्ये एका भ्रूणाचा नियम केला आणि तिथल्या जुळ्यांचं प्रमाण झपाट्याने घसरलं.

चाळिशीच्या आसपास, किंवा आधीचे प्रयत्न फसले असतील, तर दोनचा विचार डॉक्टर करतात. तेही जपूनच करावं, कारण त्या वयात जुळ्यांचा भार शरीराला अधिक जड जातो. खर्चाचा मुद्दा उरतो, आणि तो खरा आहे: गोठवलेलं भ्रूण सोडण्याचे पैसे वेगळे लागले, तर गरजू जोडपं दोनच मागणार. म्हणून ते पैसे पहिल्याच पॅकेजमध्ये धरायला हवेत. सरोगसीसाठीच्या, म्हणजे दुसऱ्या स्त्रीच्या कुशीत मूल वाढवण्यासाठीच्या, २०२२ च्या नियमांत एका वेळी एकच भ्रूण आणि अपवाद म्हणून तीनपर्यंत, असं लिहिलेलं आहे. परक्या कुशीसाठी सरकारने घेतलेली ही काळजी स्वतःच्या कुशीसाठीही मागा. सेंटर निवडताना यशाच्या टक्क्यांसोबत तिथल्या जुळ्या-तिळ्यांचा आकडाही विचारा, आणि तो मिळाल्याशिवाय संमतीपत्रावर सही करू नका.