नववी गाडी कुठे थांबणार?

आजचा विषय ऐकून काहींच्या मनात आलं असेल की एका कॉफीच्या दुकानावर तासभर बोलण्यासारखं काय आहे? उड्डाणपूल, मेट्रो, रिंग रोड हे वाहतुकीचे विषय. कॉफी हा काय विषय झाला? पण आपण ज्या दुकानाबद्दल बोलणार आहोत, त्यात गिऱ्हाईक गाडीतून उतरत नाही. गाडी आत घ्यायची, माईकवर ऑर्डर सांगायची, पुढे सरकायचं, खिडकीतून कप घ्यायचा आणि बाहेर पडायचं. याला ड्राइव्ह-थ्रू म्हणतात. अमेरिकेत हे प्रकरण जुनं आहे, १९४८ साली कॅलिफोर्नियात बाल्डविन पार्क इथे इन-एन-आऊटनं दोन्हीकडून बोलता येईल असा माईक लावून बर्गर विकायला सुरुवात केली होती. आपल्याकडे टाटा स्टारबक्सचं पहिलं ड्राइव्ह-थ्रू झालं ते चंडीगडजवळ झिरकपूरला, महामार्गाला लागून. महामार्गावर जागा असते, गाडीही वेगानं जाणाऱ्या प्रवाशाची असते. प्रश्न येतो तो हीच कल्पना कर्वेनगरसारख्या वस्तीत आली की.

आज आम्ही जे उदाहरण घेतलंय ते कल्पित आहे, हे आधीच सांगतो. कुठल्याही खऱ्या प्रस्तावावर आम्ही निकाल देत नाही. रस्ता मात्र खरा आहे. डेक्कनवरून कर्वे रस्ता धरा, नळस्टॉप, मग कर्वे पुतळा, मग कर्वेनगर आणि पुढे वारजे. या पट्ट्यात हिंगण्याची कर्वे संस्था आहे, कमिन्स कॉलेज आहे, शाळा आहेत, आणि राजाराम पुलावरून सिंहगड रस्त्याकडे जाणारे-येणारे आहेत. रस्त्याला लागून एक जुना बंगला समजा. प्लॉट साधारण ३० मीटर बाय ३० मीटर. मालकानं तो विकसकाला दिला, आणि त्या जागी दोन हजार चौरस फुटांचं ड्राइव्ह-थ्रू कॉफीचं दुकान येणार आहे. सोबत वाहतूक परिणामाचा एक अहवाल जोडलाय, त्यात लिहिलंय की 'रस्त्यावर नगण्य परिणाम'. हा अहवाल वाचायचा कसा, एवढाच आजचा प्रश्न.

पहिली गोष्ट, असा अहवाल असेलच असं नाही. पर्यावरण मंजुरीच्या २००६ च्या अधिसूचनेत इमारत प्रकल्पांसाठी उंबरठा आहे २०,००० चौरस मीटर बांधकामाचा. आपलं दुकान २०० चौरस मीटरच्याही आत. म्हणजे मोठ्या गृहप्रकल्पाला जी छाननी लागते ती याला लागत नाही. क्षेत्रफळ लहान, म्हणून परिणाम लहान, असं नियमांनी गृहीत धरलंय. आणि नेमकं इथेच ड्राइव्ह-थ्रू नियमाला चकवतं. अमेरिकेत वाहतूक अभियंत्यांची आयटीई नावाची संस्था आहे, ती कुठल्या वापराच्या इमारतीत किती फेऱ्या होतात याची कोष्टकं छापते. ऑफिसच्या इमारतीला गर्दीच्या तासात हजार चौरस फुटांमागे दीडच्या आसपास फेऱ्या धरतात. खिडकी असलेल्या कॉफीच्या दुकानाला सकाळच्या तासात ८० च्या वर. आत येणं एक आणि बाहेर पडणं एक अशा मोजून. तीच जागा, पन्नासपट फेऱ्या!

आता हा अमेरिकी आकडा उचलून पुण्याला लावायचा का? मुळीच नाही. तिथे सकाळी कामावर जाताना गाडीत कॉफी पिणं ही सवय आहे. आपल्याकडे सकाळचा चहा घरी नाहीतर टपरीवर, आणि कॉफी शॉपला गर्दी होते ती संध्याकाळी. शिवाय अर्धी मंडळी दुचाकीवर येतील. म्हणून अहवालात परदेशी कोष्टक दिसलं की आपण विचारायचं, भारतातल्या एखाद्या चालू ड्राइव्ह-थ्रूवर तुम्ही जाऊन गाड्या मोजल्यात का? दोन दिवसांचं काम आहे. ते केलं नसेल तर पुढची सगळी गणितं हवेत आहेत.

आणखी एक युक्ती, ती बहुतेक अहवालांत असते. सल्लागार म्हणतात की येणाऱ्या गाड्यांपैकी निम्म्या तर या रस्त्यावरून जाणारच होत्या, त्या फक्त वाटेत थांबल्या. तेव्हा त्या वजा करा. हे अर्धं बरोबर आहे. वारजेला घरी चाललेला माणूस कॉफीसाठी थांबला तर नळस्टॉपला एकही गाडी वाढत नाही. पण दुकानाच्या गेटपाशी? तिथे तो वेग कमी करतो, डावीकडे वळतो, फूटपाथ ओलांडतो, रांगेत उभा राहतो, आणि मग परत रस्त्यात घुसतो. गेटच्या दृष्टीनं ती पूर्ण एक गाडी आहे. वजाबाकी लांबच्या चौकासाठी करा, गेटसाठी नको. अहवालात दोन्हीकडे एकच आकडा असेल तर तिथे पेन्सिलीनं खूण करून ठेवा. तशीच दुसरी वजाबाकी असते जुन्या वापराची. पण बंगल्यात राहत होतं एक कुटुंब, दिवसाला आठ-दहा फेऱ्या. त्यातून काय वजा होणार?

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. अहवाल बोलतो रस्त्यावरच्या गाड्यांबद्दल, आणि खरी भानगड असते रांगेची.

समजा खिडकीतून सरासरी दीड मिनिटाला एक गाडी सुटते. म्हणजे तासाला ४०. तासाला ३० गाड्या येत असतील तर? वाटतं, ४० ची ताकद आहे, ३० येतायत, निवांत आहे. पण गाड्या घड्याळ लावून येत नाहीत. एकदम चार येतात, मग पाच मिनिटं कोणी नाही. एकाला साधी कॉफी हवी, दुसऱ्याला पाच जणांची ऑर्डर आणि कार्ड चालत नाही. हा विस्कळीतपणा धरून गणित केलं तर ३० गाड्यांना खिडकीवरची धरून सरासरी ३ गाड्या आत असतात. ठीक आहे. आता ३६ येऊ द्या. सहाच वाढल्या. आत असतात सरासरी ९. आणि ३८ आल्या तर १९. दोन गाड्या वाढल्या आणि रांग दुप्पट! हे रांगशास्त्रातलं सगळ्यात सोपं सूत्र आहे. प्रत्यक्षात कर्मचारी सराईत असले तर रांग यापेक्षा कमी भरते. पण आलेख असाच चढतो. सपाट, सपाट, आणि मग भिंतीसारखा उभा.

आपल्या प्लॉटवर रांगेला जागा किती? इमारतीच्या तीन बाजूंनी लेन फिरवली तर गेटपासून खिडकीपर्यंत साधारण ४८ मीटर. पुढच्या-मागच्या अंतरासह एका गाडीला ६ मीटर. म्हणजे ८ गाड्या. तासाला ३० आल्या तर नववी गाडी बाहेर उभी असण्याची वेळ ७-८ टक्के. तासाला ३६ आल्या तर जवळजवळ ३९ टक्के. म्हणजे गर्दीच्या तासातली वीसेक मिनिटं रांगेचं शेपूट कर्वे रस्त्यावर.

(नकाशाबद्दल जाता जाता सांगतो. आपण डावीकडून चालवतो, ड्रायव्हर उजवीकडे बसतो. त्यामुळे खिडकी गाडीच्या उजव्या हाताला यायला हवी आणि लेन घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरायला हवी. अमेरिकी नकाशा तसाच छापला तर कॉफी शेजारच्या सीटवर बसलेल्याला मिळेल. हसू नका, नकाशा बघताना हे तपासा.)

तर ती नववी गाडी. ती डाव्या लेनमध्ये उभी आहे. डाव्या लेनमध्येच पीएमपीचा थांबा असतो. बस थांब्याला लागू शकत नाही, ती रस्त्याच्या मधोमध उभी राहते, कॉलेजच्या मुली दोन गाड्यांच्या फटीतून बसकडे धावतात, आणि मागचा दुचाकीवाला बसच्या डावीकडून त्याच फटीत घुसतो. अपघात व्हायला आणखी काय लागतं? यातलं काहीही 'नगण्य परिणाम' या शब्दांत येत नाही, कारण अहवालानं मोजलंय तासाला किती वाहनं वाढली ते. ३६ वाहनं वाढली. कर्वे रस्त्याच्या मानानं ती खरंच नगण्य आहेत. एक लेन वीस मिनिटं बंद होणं मात्र नगण्य नाही.

इथे नळस्टॉपची आठवण काढायला हवी. २०२२ च्या मार्चमध्ये तिथला दुमजली पूल सुरू झाला, वर मेट्रो आणि खाली गाड्या. चौक मोकळा झाला आणि लगोलग पुलाच्या टोकांना कोंडीच्या तक्रारी सुरू झाल्या. पुलाची क्षमता कमी होती असं नाही. उतरलेल्या गाड्या जिथे साठतात ती जागा अपुरी होती. मोठ्या पुलाचं आणि छोट्या दुकानाचं दुखणं एकच.

मग पार्किंगचं काय, असं कोणी विचारेल. डिसेंबर २०२० मध्ये राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आली, तिच्यात पार्किंगची कोष्टकं आहेत, ती वापर आणि क्षेत्रफळ यांवर बेतलेली. पण पार्किंग म्हणजे गाडी लावून जाण्याची जागा. रांगेत रेंगाळणारी गाडी पार्क केलेली नसते. पार्किंग नियमानुसार पुरेपूर आहे, हे वाक्य खरं असूनही आपल्या प्रश्नाचं उत्तर नाही. डिलिव्हरीवाल्या मुलांच्या दुचाकींचंही तेच. त्या पाच मिनिटांसाठी येतात, आणि नकाशात जागा नसली की फूटपाथवर चढतात. पुणे महापालिकेनं २०१६ मध्ये पादचारी धोरण मंजूर केलंय. प्रस्तावाच्या नकाशात गेटपाशी फूटपाथ सलग आहे की तुटतोय, एवढं तरी त्या धोरणाच्या नावानं विचारता येतं.

दुचाकींवरून एक तांत्रिक गोष्ट, थोडक्यात. सगळी वाहनं कारच्या मापात बदलून मोजतात. आयआरसी १०६ या १९९० च्या मार्गदर्शिकेत दुचाकींचा वाटा ५ टक्के असेल तर एक दुचाकी म्हणजे ०.५ कार, आणि १० टक्के किंवा जास्त असेल तर ०.७५. पुण्यात कुठला लागू होईल हे सांगायला नको. हजार दुचाकींमागे अडीचशे कारचा फरक पडतो. नंतर २०१७ ची इंडो-एचसीएम आली, तिची मापं वेगळी आहेत, तीही चालतील. फक्त वाहनं एका पुस्तकातून आणि रस्त्याची क्षमता दुसऱ्या पुस्तकातून, असं नको.

उपाय काय? अमेरिकेतल्या मिनिॲपोलिस शहरानं २०१९ मध्ये नवीन ड्राइव्ह-थ्रूच बंद केले. आम्हाला तेवढं टोक गाठायची गरज वाटत नाही. कर्वेनगरच्या या प्लॉटवर खिडकी न ठेवता साधं बसायचं कॉफीचं दुकान आलं तर आमची तक्रार नाही, उलट संध्याकाळी चालत जायला एक ठिकाण होईल. खिडकी हवीच असेल तर परवानगीत अट हवी: आठ गाड्या झाल्या की गेट बंद, आणि गेटवर त्यासाठी माणूस. रांग बाहेर गेली तर कोण, किती वेळात, काय करणार हे लिहून हवं. दुभाजक असेल तर पलीकडून येणारी गाडी कुठून यू-टर्न घेणार तेही. नाहीतर ती उलट्या बाजूनं येणार, आपण पुणेकर आहोत.

हे सगळं विचारायचं कधी? इथे खरी अडचण आहे. विकास आराखड्यात बदल करायचा असेल तर १९६६ च्या नगररचना कायद्याच्या कलम ३७ खाली हरकती-सूचना मागवाव्या लागतात. एका प्लॉटच्या बांधकाम परवानगीला तसं काही नाही. शेजाऱ्यांना कळतं ते पत्रे लागल्यावर. म्हणून जुना बंगला रिकामा झाला की लगेच माहिती अधिकारात नकाशा आणि अहवाल मागा, पत्रे लागायची वाट बघू नका.

मागून प्रश्न आलाय, अहवालातली मोजणी खरी आहे का हे आम्ही कसं तपासायचं? आधी तारीख बघा. मे महिन्यात मोजली असेल तर कॉलेजं बंद असतात, ती मोजणी सोडून द्या. गणपती आणि दिवाळीही नको. जुलैच्या शेवटी किंवा ऑगस्टच्या सुरुवातीला, मधल्या वारी, एक मंगळवार धरा. संध्याकाळी साडेपाच ते साडेआठ, दर पंधरा मिनिटांना वेगळी ओळ. चार जण पुरतात, दोन गाड्या मोजायला, एक पायी ओलांडणारे मोजायला, आणि एक जण फक्त बस थांब्याला लागते की नाही तेवढंच लिहायला.