नर्सीची सुई आणि हिमरूची शेरवानी

हिंगोली जिल्ह्यातल्या नर्सीला संत नामदेवांचे जन्मस्थान मानतात. नामदेव शिंप्याच्या घरातले. त्यांची वाणी पंजाबात घुमानपर्यंत गेली आणि त्यांची ६१ पदे गुरू ग्रंथ साहिबात विराजमान झाली. इथल्या पुरुषी पेहरावाचा मागोवा मी नर्सीपासूनच घेतो, कारण तो पेहरावही असाच अनेक मुलुखांतून शिवला गेला आहे.

हिंगोली गावात कापसाची मोठी बाजारपेठ होती. हैदराबादच्या निजामाच्या राजवटीत शेतात धोतर, बंडी, पटका राहिला, तर कचेरीत शेरवानी आली. ती मुसलमान जहागीरदाराने घातली, तशी हिंदू अंमलदारानेही घातली. सणासुदीच्या शेरवानीसाठी औरंगाबादचा हिमरू असे. त्याचा ताणा सुती, बाणा रेशमी. नाव फारसी, अर्थ 'सारखा'. किनखाबासारखा दिसणारा, पण जर नसलेला. मुहम्मद तुघलकाने १३२७ मध्ये दिल्लीहून राजधानी दौलताबादला आणली, तेव्हा हे विणकर सोबत आले, असे परंपरा सांगते.

१९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन झाली आणि खादीचा सदरा, पांढरी टोपी हे निजामाला दिलेले उत्तर ठरले. १७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा मुक्त झाला; खादी मात्र थांबली नाही. शेजारच्या नांदेडात मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती आजही राष्ट्रध्वजाचे कापड तयार करते.

पुढे टेरीकॉट आले, मग रेडीमेड. २००२ नंतर बीटी कपाशीने गावरान कापूस मागे सारला, आणि शिवारात सोयाबीन, हळद पसरली. जुना सदरा विरला की त्याची वाकळ व्हायची, वाकळ फाटली की पोतेरे. नव्या कापडाच्या नशिबी बहुधा उकिरडाच येतो.

तरी धागा तुटलेला नाही. गावरान कापूस कमी पाण्यात तगतो, त्याचे बी शेतकऱ्याला घरी राखता येते, आणि परभणीच्या कृषी विद्यापीठाने देशी कापसाचे सुधारित वाण दिले आहेत. खादी नांदेडात आहे, हिमरूचे मोजके माग छत्रपती संभाजीनगरात (पूर्वीच्या औरंगाबादेत) आहेत, शिंपी आपल्याच पेठेत आहे. येत्या लग्नसराईत नवरदेवाची शेरवानी भाड्याने आणण्याआधी एकदा खादीचे कापड घेऊन त्या शिंप्याकडे जा. मापे द्या, शिलाईत दाब, म्हणजे आत दुमडलेले कापड, जास्त ठेवायला सांगा. तीच शेरवानी उसवून पुन्हा शिवली, की उद्या मुलालाही बसेल.