जुनाट मानदुखीचा इलाज
तीन महिन्यांची मुदत उलटूनही जे मानेचे दुखणे हटत नाही त्याला वैद्यक जुनाट म्हणते. आणि तोवर ज्या कारकुनांना, शिक्षिकांना किंवा शिलाई करणाऱ्या स्त्रियांना ते जडलेले असते, त्यांच्या घरी मलमांच्या नळ्या, शेकाची पिशवी, गळ्याचा पट्टा आणि ‘मणके झिजले’ असा शेरा मिळालेला एक्स-रे एवढा सरंजाम बहुधा जमलेला असतो. दुखण्याहून या शेऱ्याचीच धास्ती पुष्कळांना अधिक वाटते. परंतु जपानमध्ये मानेची काहीही तक्रार नसलेल्या १,२११ स्त्रीपुरुषांची एमआरआय तपासणी करून २०१५ साली जो अहवाल प्रसिद्ध झाला, त्यात शेकडा ८७ हून अधिक जणांच्या मानेतील गाद्या फुगलेल्या आढळल्या. तेव्हा चित्रात दिसणारी झीज आणि प्रत्यक्ष वेदना यांचा संबंध आपण समजतो तितका सरळ नाही.

मग बिघडते काय? चार-पाच किलो वजनाचे मस्तक सात मणक्यांवर दिवसभर तोलून धरणाऱ्या स्नायूंपैकी, अन्ननलिकेच्या पाठीमागे मणक्यांना लगटून असलेले खोल स्नायू दीर्घ वेदनेत मंदावतात आणि त्यांचा भार कानामागून छातीच्या हाडापर्यंत उतरणारे वरवरचे स्नायू उचलू लागतात; हे स्नायू जोराच्या कामाचे, अखंड तोल राखण्याचे नव्हेत, म्हणून ते आखडतात, थकतात आणि दुखतात. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड विद्यापीठाच्या ग्वेंडोलेन जल यांनी या खोल स्नायूंची परीक्षा घेण्याची पद्धत रूढ केली. रुग्णाला उताणे निजवून मानेखाली हवेची छोटी पिशवी ठेवायची, तिच्यातील दाब पाऱ्याच्या २० मिलिमीटरांवर आणायचा, आणि डोके न उचलता, होकार द्यावा तशी हनुवटी हलकेच गळ्याकडे नेऊन तो दोन-दोनने वाढवीत ३० पर्यंत न्यायचा, प्रत्येक पायरीवर दहा सेकंद स्थिर राहायचे. जी परीक्षा, तोच पुढे व्यायाम. त्याला बळापेक्षा संयम अधिक लागतो. गळ्याच्या दोन्ही बाजूंचे स्नायू ताठ दिसू लागले की काम भलत्याच स्नायूंकडे गेले असे समजावे.

फिजिओथेरपिस्टच्या हातांचा उपचार दोन प्रकारचा असतो: एकात सांधा मंद, लयबद्ध हालचालींनी मोकळा केला जातो, दुसऱ्यात त्याला क्षणार्धात अल्पसा झटका दिला जातो. झटक्यासरशी होणारा आवाज सांध्यातील द्रवात वायूची पोकळी निर्माण झाल्याचा असतो. निखळलेले हाड जागेवर बसल्याचा तो दाखला नव्हे. तथापि या उपचाराने काही काळ वेदना उतरते, मान वळू लागते, हे खरे आहे आणि त्याचे मोल मी कमी लेखीत नाही. प्रश्न हा गुण टिकण्याचा आहे. अमेरिकेतील मिनिॲपोलिस परिसरात जुनाट मानदुखीच्या १९१ रुग्णांवर झालेल्या आणि २००१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, नुसता हस्तोपचार घेणाऱ्यांपेक्षा त्याच्या जोडीला बळवर्धक व्यायाम करणाऱ्यांची वेदना वर्षभरानंतरही कमी राहिली. २००३ साली फिनलंडमधून आलेला दाखलाही तसाच आहे: कचेरीत काम करणाऱ्या १८० स्त्रियांपैकी ज्या दोन गटांनी वर्षभर मान-खांद्यांचा नेमाने व्यायाम केला, त्यांचे दुखणे तिसऱ्या गटाहून स्पष्टपणे घटले.

हात वेदना उतरवून व्यायामाला अवसर देतात. तो अवसर वाया गेला तर पुढच्या महिन्यात रुग्ण पुन्हा त्याच टेबलावर येऊन निजतो. यात त्याचा आळस शोधण्यापूर्वी आपल्या रुग्णालयांतील बाह्यरुग्ण विभागाची गर्दी पाहावी. तेथे यंत्राच्या शेकाला पुष्कळदा वेळ मिळतो, व्यायामाचा मात्र छापील कागद हाती येतो, आणि ज्या सूक्ष्म हालचालीवर सारे अवलंबून ती कागदावरून कोणालाही शिकता येत नाही.

केशकर्तनालयात मालिश झाल्यावर मान कडकन मोडून घेण्याची आपल्याकडील चाल मात्र सोडलीच पाहिजे. मेंदूला रक्त पुरविणारी धमनी फाटून पक्षाघात होण्याचा धोका विरळा असला तरी खरा आहे. हाताची पकड ढिली पडणे, चालताना तोल जाणे, लघवीवरचा ताबा सुटणे, सोबत ताप असणे किंवा अपघातानंतर दुखणे सुरू होणे, यांपैकी काहीही असल्यास डॉक्टरांनी तपासल्याविना मानेला कोणाचाही हात लावू देऊ नये. इतरांनी पहिल्याच भेटीत व्यायाम समोर करून दाखविण्याची विनंती करावी, मग तो स्वतः करून दाखवावा, आणि आपली चूक कोठे होते याची खातरजमा झाल्याखेरीज उठू नये.