श्रेय देणारा मोठा

७ फेब्रुवारी १९९९चा दिवस आठवा. दिल्लीच्या फिरोजशाह कोटला मैदानावर अनिल कुंबळे यांनी पाकिस्तानचे नऊ गडी टिपले होते. दहावा बाकी होता आणि दुसऱ्या टोकाला चेंडू होता जवागल श्रीनाथ यांच्या हातात. बळी कोणत्या गोलंदाजाला नको असतो? पण श्रीनाथ यांनी मुद्दाम यष्ट्यांपासून दूर चेंडू टाकले. मग कुंबळे यांनी वासिम अक्रमला बाद केले. ७४ धावांत दहा बळी! श्रीनाथ काही कर्णधार नव्हते. नेतृत्वाला पद लागतेच असे नाही.

पद असलेल्याने कसे वागावे, हे सतीश धवन यांनी दाखवले. १० ऑगस्ट १९७९ला एसएलव्ही-३ हे यान बंगालच्या उपसागरात कोसळले. प्रकल्पाचे प्रमुख होते डॉ. अब्दुल कलाम; पण पत्रकारांना सामोरे गेले इस्रोचे अध्यक्ष धवन. अपयश त्यांनी स्वतःवर घेतले. १८ जुलै १९८०ला यश आले, तेव्हा मात्र त्यांनी कलामांना पुढे केले. कलाम ही आठवण नेहमी सांगत.

अपयशात आडोसा मिळाला की माणूस चूक लपवीत नाही. उघड झालेली चूकच दुरुस्त होते.

एका कविसंमेलनाचा मी अध्यक्ष होतो. माझे भाषण इतके लांबले, की दोन नवोदित कविता न वाचताच घरी गेले. टाळ्या मला मिळाल्या; त्या अजून टोचतात. आता अध्यक्ष झालो, की आधी घड्याळ काढून समोर ठेवतो.