अवर्षणानंतरचें कुरण

अवर्षणाचें वर्ष सरून पहिला पाऊस झाला व माळावर हिरवी छटा दिसूं लागली कीं गुरें तिकडे सोडण्याचा मोह कोणास आवरत नाहीं. दावणीस उपाशी गाय उभी असतां तो आवरावा तरी कसा? परंतु कुरण पुन्हां उभें राहणें केवळ पावसावर अवलंबून नसतें. त्यांत गवताच्या जाती किती उरल्या आहेत, यावरही असतें.

अमेरिकेंतील मिनेसोटा राज्यांत सीडर क्रीक येथें १९८२ सालापासून गवताच्या २०७ वाफ्यांच्या नोंदी ठेविल्या जात होत्या. त्यांपैकीं जेथें नत्रखत भरपूर पडलें, तेथें थोड्या जोमदार जातींनीं बाकीच्यांस हुसकून लाविलें. पुढें १९८७-८८ सालीं मोठें अवर्षण झालें. तेव्हां बहुजिनसी वाफ्यांचें उत्पन्न सुमारें निम्म्यावर आलें. मोजक्या जातींच्या वाफ्यांचें मात्र एक अष्टमांश किंवा त्याहूनही कमी उरलें, आणि पाऊस परतल्यावरही ते वाफे मागेंच रेंगाळले. याचें कारण असें कीं, एक जात वाळली तरी तिची जागा व ओल ताण सोसणारी दुसरी जात घेते. शिवाय, जाती जसजशा घटतात तसतशी पुढची प्रत्येक जात गमावणें अधिक महाग पडतें.

यावर आक्षेप निघाला कीं हा दोष खताचा, संख्येचा नव्हे. आक्षेप आम्हांस रास्त वाटतो. म्हणूनच तेथें १९९४ सालीं १६८ वाफ्यांत एकपासून सोळापर्यंत जाती मुद्दाम पेरून झालेल्या प्रयोगास आम्ही अधिक वजन देतों. दहा वर्षांच्या नोंदींत, जाती जितक्या अधिक तितकें सालोसालचें उत्पन्न अधिक स्थिर आढळलें.

आमच्या दख्खनच्या माळांवर मारवेल, पवन्या, डोंगरी हीं बहुवर्षायु गवतें एकत्र नांदतात. गुरें गोड गवत आधीं वेंचतात. अतिचराई झाली कीं तेंच आधीं नाहींसें होतें आणि कुसळी माजते. दुष्काळांतून वांचलेलें ठोंब पहिला कोंब मुळांतील सांठ्यावर काढतें. तो कोंब खुडला गेला तर दुसरा काढण्यास त्याजवळ शिल्लक फारशी नसते. तेव्हां ठोंबें चांगलीं फुटेपर्यंत, कडबा विकत घ्यावा लागला तरी, गुरें दावणीसच ठेवावीं. कुरणाचे भाग पाडून ते पाळीपाळीनें चारावे. एक भाग दरवर्षीं बीं झडेपर्यंत न कापतां राखावा, व पुढील साली उघड्या पडलेल्या जागीं तेंच बीं पहिल्या पावसाबरोबर टाकावें. युरिया फेंकून माळ झटपट हिरवा करण्याचा उपाय मात्र आम्ही कोणास सुचवीत नाहीं.